जुन्या चादरीची बाजारपिशवी: बंद तुटू नयेत म्हणून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात दोन जुन्या चादरी, एक जीन्स आणि साधं शिलाई मशीन आहे. विकत आणलेल्या पिशव्यांचे बंद सहा महिन्यांत निघून येतात. मग घरीच शिवायच्या तर कापड कोणतं घ्यावं, माप किती ठेवावं, बंद कसे जोडावेत, धुवायच्या कशा, आणि एवढं करून पर्यावरणाचं खरंच काही भलं होतं का?

मी वीसेक वर्षं बाजाराच्या पिशव्या शिवते आहे आणि इतरांना शिकवतेही. सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते, पण बंदांवर सगळ्यात जास्त बोलणार आहे. पिशवी टाकून द्यायची वेळ येते ती बहुतेकदा बंदांमुळेच. कापड धडधाकट असतं, तळ शाबूत असतो, फक्त एक बंद निसटलेला असतो. तेवढ्यासाठी आख्खी पिशवी अडगळीत जाते.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण कापड कोणतं घ्यावं हे त्यावरच ठरतं. कापडी पिशवी आपोआप चांगली ठरत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असं निघालं की नव्या सुती पिशवीने हवामानावरचा बोजा फेडायचा तर ती १३१ वेळा वापरावी लागते, तेव्हा कुठे ती एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेच्या २०१८ च्या अहवालातला ‘७,१०० वेळा वापरा’ हा आकडा तुमच्याही वाचनात आला असेल. तो ओझोन थराच्या नुकसानीच्या रकान्यातला आहे. त्याच अहवालात नुसत्या हवामानबदलाचा विचार केला तर साध्या सुती पिशवीसाठी ५२ वेळा असं उत्तर येतं. दोन्ही अभ्यासांची तुलनेची पिशवी आणि गृहीतकं वेगवेगळी आहेत, त्यामुळे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: हा सगळा बोजा नव्या कापसाचा आहे. शेत, पाणी, खत, सूतगिरणी, रंगाई, सगळं त्यात आलं.

तुमची चादर हे सगळं भोगून, दहा वर्षं अंगाखाली राहून निवृत्त झालेली आहे. तिची पिशवी केली तर नवा खर्च म्हणजे थोडा दोरा, थोडी वीज आणि तुमची दुपार. म्हणून माझा आग्रह आहे की पिशवीसाठी नवीन कापड आणू नका. सुंदर छापाचा नवा कॅनव्हास खुणावतो हे मला माहीत आहे, पण घरातलं जुनेर संपेपर्यंत त्याच्याकडे वळू नका. आधी आणलेल्या पिशव्या असतील तर त्याही फेकू नका. त्यांचे बंद नव्याने लावता येतात, ते पुढे सांगते. नवी सुती पिशवी आधीच घरात आली असेल तर हिशोब सोपा आहे: आठवड्यातून दोनदा वापरली तर १३१ चा आकडा सव्वा वर्षात गाठला जातो. त्या आधी तिचा बंद तुटता कामा नये, एवढंच बघायचं.

आता कापड. जुनं कापड सगळीकडे सारखं जुनं नसतं. चादर उजेडासमोर धरा. मधला भाग, जिथे पाठ आणि कंबर टेकते, तो विरलेला दिसेल. धाग्यांमधून उजेड ठिपक्याठिपक्यांनी येईल. कडांचा आणि पायथ्याचा भाग मात्र दाट असतो. पिशवी तिथून कापायची. मग ओढून बघायचं. दोन्ही मुठींत कापड धरा, अंगठे एकमेकांना टेकवा आणि झटका देऊन बाजूला ओढा. चांगलं कापड ‘टप्’ असा भरीव आवाज करतं. कुजलेलं कापड ‘चर्र’ करतं आणि अंगठ्यांच्या मधोमध धागे सरकलेले दिसतात. उभ्या धाग्यांवर एकदा आणि आडव्या धाग्यांवर एकदा असं दोन्हीकडे ओढा. एका दिशेला पक्कं आणि दुसऱ्या दिशेला पोकळ असं कापड पुष्कळदा सापडतं.

पडदे दिसायला जाड असतात, पण त्यांच्या बाबतीत डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. वर्षानुवर्षं ऊन खाल्लेला धागा ठिसूळ होतो. पडद्याच्या ज्या चुण्या खिडकीकडे होत्या तिथे फिक्या उभ्या पट्ट्या दिसतात. कापड नेमकं त्याच पट्ट्यांवर फाटतं. जीन्सच्या गुडघ्यांचा आणि मांड्यांच्या आतल्या बाजूचा भाग सोडून द्या. पोटऱ्यांच्या मागचं कापड जवळजवळ नव्यासारखं असतं. शर्टाची पाठ चांगली असते, पण एकेरी कामाची नाही. उशांचे अभ्रे तर तीन बाजूंनी शिवलेलेच मिळतात. धान्य, पीठ अशा बारीक जिनसांच्या पिशव्यांसाठी त्यांच्याइतकं सोपं काही नाही. तोंडाशी नाडी ओवली की झालं.

टी-शर्टची न शिवता होणारी पिशवी पुष्कळजण करतात: बाह्या आणि गळा कापायचा, खालच्या कडेला पट्ट्या कापून गाठी मारायच्या. दहा मिनिटांत होते. पण होजिअरीचं कापड वजनाने लांबत जातं आणि बटाटे घोट्यापाशी लोंबकळायला लागतात. हलक्या सामानापुरती ठीक.

कापायच्या आधी कापड गरम पाण्यात धुवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. जुनी चादर आटायची ती आटलेली असते, पण जीन्स आणि चादर एकाच पिशवीत वापरणार असाल तर दोन्ही आधी एकत्र धुतलेली बरी. नाहीतर पहिल्या धुण्यानंतर शिवण गोळा होते.

माप मी असं ठेवते. एकच लांब पट्टी: रुंदी ४४ सेंमी, लांबी ९४ सेंमी. मधोमध दुमडली की तळ तयार होतो, म्हणजे तळाला शिवणच येत नाही. जिथे शिवण नाही तिथे उसवायला काही नाही. लांबी चादरीच्या उभ्या धाग्यांच्या दिशेने घ्या, म्हणजे कडेच्या काठाला समांतर. त्या दिशेला कापड सगळ्यात कमी ताणतं आणि भरलेली पिशवी लांबत नाही. चादरीचं कापड पातळ असल्यामुळे अशा दोन पट्ट्या कापायच्या, एकमेकींवर ठेवायच्या, चारही कडांनी कच्चा धावदोरा घालायचा आणि तिथून पुढे ते एकच कापड आहे असं समजायचं. जीन्सचं कापड एकेरी पुरतं.

तयार पिशवी साधारण २९ सेंमी रुंद, ३७ सेंमी उंच आणि तळाला १२ सेंमी खोल होते. म्हणजे तेरा लिटरच्या आसपास जागा. याहून मोठी शिवायचा मोह होतो, पण मोठी पिशवी आपण पूर्ण भरतो आणि मग ती उचलवत नाही. सात-आठ किलो हे एका हाताने जिना चढायला पुरे. सामान जास्त असेल तर दुसरी पिशवी, दुसऱ्या हातात. दोन्हीकडे सारखं वजन असलं की कंबरही एका बाजूला वाकत नाही.

आता बंद.

माझी पहिली पिशवी मी फार मन लावून शिवली होती. बंदाची टोकं तोंडाच्या दुमडीत घालून त्यांच्यावर मशीन पुढे-मागे, पुढे-मागे असं सात-आठ वेळा चालवलं होतं. जितक्या टिपा तितकी मजबुती असा माझा समज होता. तिसऱ्या बाजारातच, जिन्याच्या वळणावर, डावीकडचा बंद सुटला आणि बटाटे पायऱ्यांवरून खाली घरंगळत गेले. घरी येऊन पिशवी उजेडात पाहिली. शिवण जशीच्या तशी होती, दोरा कुठेही तुटला नव्हता. बंदाच्या टोकाला नखाएवढा कापडाचा तुकडा चिकटून आलेला होता, अगदी सरळ कडांचा. इतक्या वेळा सुई टोचल्यामुळे कापडाला पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची ओळ पडली होती, आणि तिकीट फाटतं तसं ते त्या ओळीवर फाटलं होतं. आजवर दुरुस्तीला आलेल्या पिशव्यांत मी हेच पुन्हा पुन्हा पाहते: दोरा तुटत नाही, दोऱ्याच्या कडेचं कापड फाटतं. तुमच्या विकतच्या पिशव्या घरात असतील तर त्याही याच नजरेने पाहून घ्या.

म्हणून बंद जोडताना वजन एका रेषेवर न येता पसरलं पाहिजे. याला दोन उपाय आहेत.

पहिला, सोपा. बंदाचं टोक पिशवीच्या आतल्या बाजूला तोंडापासून ६ सेंमी खाली येऊ द्या. त्याच्या मागे कापडाचं ६ सेंमीचं चौकोनी ठिगळ ठेवा, कडा आत मोडून. मग बंदावर चौकोनी टीप मारा आणि त्या चौकोनात फुली. टाका ३ मिलिमीटर लांबीचा. एकदाच. टोकं पक्की करायला दोन-तीन टाके उलटे, बस्स. आणि ठिगळाच्या चारही कडांना स्वतंत्र टीप. आता ओझं आलं की ते बंदाकडून चौकोनाकडे, चौकोनाकडून ठिगळाकडे आणि ठिगळाच्या कडेने पिशवीच्या कापडावर वाटलं जातं. तुमच्या विकतच्या, बंद निघालेल्या पिशव्याही याच पद्धतीने पुन्हा उभ्या राहतील. फक्त ठिगळ आधीच्या भोकाहून सगळीकडून दोन-दोन सेंमी मोठं हवं.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो आणि तुमच्या चादरीच्या पिशवीसाठी तोच करा असं सुचवेन. त्यात बंद पिशवीला लटकत नाही, पिशवीच बंदावर बसते. दुकानांत मिळायची ती पातळ प्लास्टिकची पिशवी आठवा. स्वीडनच्या सेलोप्लास्ट कंपनीत काम करणारे स्टेन गुस्ताफ थुलीन यांनी ती आकाराला आणली आणि १९६५ मध्ये तिला अमेरिकेत पेटंट मिळालं. तिचे कान वेगळे जोडलेले नसतात. नळीसारख्या प्लास्टिकची घडी घालून, सील करून, वरचा भाग कापून काढला की उरलेल्या भागाचेच कान होतात. जोडच नाही, म्हणून एवढ्याशा पातळ प्लास्टिकने कैक किलो वजन पेललं. त्या पिशवीने पुढे जो कचरा केला तो केलाच, पण जोड टाळायची युक्ती आपण कापडातही वापरू शकतो.

चादरीच्या काठाकडून १० सेंमी रुंद आणि १३९ सेंमी लांब अशा दोन पट्ट्या कापा, पुन्हा उभ्या धाग्यांच्या दिशेने. प्रत्येक पट्टी लांबीत अर्धी दुमडून इस्त्री करा, उघडा, दोन्ही कडा मधल्या रेषेपर्यंत आत मोडा आणि पुन्हा दुमडा. अडीच सेंमी रुंदीचा चारपदरी बंद तयार होतो. दोन्ही कडांना टीप मारा. याहून अरुंद बंद करू नका, तो बोटांत रुततो. आता दोन्ही बंद टोकांना जोडून एक मोठं कडं करा. प्रत्येक टोकाला दीड सेंमी जोडात जातं, म्हणून कडं २७२ सेंमीचं होतं. शिवताना बंदाला पीळ पडलेला नाही ना हे आधी पाहा. मी हे सांगते कारण प्रत्येक नवशिकी व्यक्ती एकदा तरी पीळ पडलेलं कडं शिवते आणि मग उसवत बसते.

पिशवीची लांब पट्टी जमिनीवर सपाट पसरा, सुलटी बाजू वर. मधोमध आडवी घडी पाडून तळाची रेषा ठरवा. कडं त्याच्यावर अशा तऱ्हेने ठेवा की त्याचे दोन्ही जोड तळाच्या रेषेवर येतील, म्हणजे बंदाचा कच्चा भाग पिशवीच्या खाली, जिथे त्याला ओढ नाही तिथे जाईल. बंद दोन्ही बाजूंच्या कडेपासून १२ सेंमी आत ठेवा. मधे १५ सेंमी अंतर राहतं. वरच्या आणि खालच्या टोकाला तोंडाच्या दुमडीचे ४ सेंमी सोडून, त्यांच्या पलीकडे प्रत्येकी ५० सेंमी लांबीची कमान होईल. तेच हातात धरायचे बंद. टाचण्या लावून बंदाच्या दोन्ही कडांवरून टीप मारा, मात्र कापडाच्या वरच्या टोकाआधी ८ सेंमीवर थांबा. तेवढा भाग मोकळा राहिला नाही तर तोंडाची दुमड घालता येत नाही.

खांद्याला अडकवायची पिशवी हवी असेल तर प्रत्येक पट्टी २० सेंमीने जास्त लांब घ्या. पण मग हातात धरल्यावर ती जमिनीला घासते का ते आधी दोरी लावून मोजा. मूठ ते जमीन हे अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि उंची कमी असलेल्यांना लांब बंदांचा फार त्रास होतो.

आता बाजूच्या शिवणी. मी फ्रेंच शिवण घालते. कापडाची उलटी बाजू उलट्या बाजूला लावून, म्हणजे सुलट बाहेर ठेवून, कडेपासून ६ मिलिमीटरवर टीप. कडा कातरून ४ मिलिमीटरवर आणा. पिशवी उलटी करा, शिवण नखाने नीट बाहेर काढा आणि ९ मिलिमीटरवर दुसरी टीप. कच्ची कडा आत कोंडली जाते, धागे सुटत नाहीत. जीन्सला ही शिवण फार जाड होते. तिथे साधी दुहेरी टीप आणि कडेला झिगझॅग पुरे.

तळाला खोली द्यायची ती अशी: पिशवी उलटी असतानाच एक कोपरा हातात घ्या आणि बाजूची शिवण तळाच्या घडीवर येईल असा चपटा करा. टोकदार त्रिकोण तयार होतो. टोकापासून शिवणीवर ६ सेंमी मोजा आणि तिथे आडवी रेष ओढा. ती कडेपासून कडेपर्यंत १२ सेंमी भरली पाहिजे. कमी-जास्त भरली तर कोपरा वाकडा धरला गेलाय. रेषेवर दोनदा टीप मारा. त्रिकोण कापून टाकू नका. तो तळाच्या खाली दुमडून टोकाला चार टाके घाला. सामान ठेवताना पिशवीचे कोपरेच फरशीवर आपटतात, तिथे हा पदर उपयोगी पडतो. दुसरा कोपरा तसाच.

शेवटी तोंड. आधी १ सेंमी, मग ३ सेंमी आत मोडा, गोल टीप मारा, आणि मग बंदाचा मोकळा सोडलेला भाग दुमडीवरून शिवून तोंडाच्या काठाशी फुलीचा चौकोन. झाली पिशवी. दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर वजन होतं आणि घडी घातली की खिशात मावते.

मशीनबद्दल थोडं. दुहेरी चादरीला १४ नंबरची सुई, जीन्सला १६ नंबरची. सुई नवी हवी. बोथट सुई धागे बाजूला सारायच्या ऐवजी तोडते. दोरा पॉलिस्टरचा घ्या. सुती दोरा ओलाव्याने कुजतो आणि कापडाच्या आधी दगा देतो. जीन्सच्या जाड जोडावर मशीन अडलं तर पेडल दाबत राहू नका. जोडावर फडकं ठेवून हातोडीचे चार ठोके द्या, तो चपटा होतो. मग हाताने चाक फिरवत एकेक टाका घाला. मशीन नसेल तरी काही अडत नाही. हाताने उलटी टीप, दुहेरी दोरा, दोऱ्याला मेणाचा हात. दोन संध्याकाळी लागतात. माझ्याकडची सगळ्यात जुनी पिशवी हातशिलाईची आहे.

तुमच्या जीन्समधून एक वेगळी गोष्ट करा. पायाची नळी गुडघ्याखाली कापा, तळ शिवा: बाटल्यांसाठी उभी पिशवी तयार होते, काचेला काच आदळत नाही. कंबरपट्टी फेकू नका. तिच्यात कापडाचे अनेक पदर आणि पक्की शिलाई आयती असते. एखाद्या जुन्या पिशवीला तिच्यापेक्षा चांगला बंद मिळणार नाही.

सुट्ट्या भाजीसाठी जाळीच्या छोट्या पिशव्या शिवून ठेवा, नाहीतर मोठी पिशवी कापडाची आणि आत सहा प्लास्टिकच्या, असं होतं. जुना जाळीचा पडदा असेल तर उत्तम. २५ बाय ३० सेंमीच्या चार-पाच पुरतात. नाडी दोन बाजूंनी दोन ओवा, म्हणजे दोन्हीकडून ओढली की तोंड घट्ट मिटतं. जाळी पारदर्शक असल्यामुळे आत काय आहे हे दुकानदाराला दिसतं, आणि वजनही नगण्य असतं. पालेभाजीसाठी मात्र जाळी नको. तिच्यासाठी दाट सुती पिशवी, आणि फ्रिजमध्ये ठेवताना ती पाण्याने ओलसर करून घट्ट पिळलेली. कोरड्या कापडात पालेभाजी दोन दिवसांत मान टाकते.

आता धुणं, जे फार थोडे लोक करतात. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी दुकानांत आलेल्या ग्राहकांकडून ८४ पिशव्या घेऊन तपासल्या. जवळजवळ सगळ्यांत भरपूर जंतू निघाले, निम्म्यांत कोलिफॉर्म गटातले, म्हणजे अस्वच्छतेची खूण मानले जाणारे. बहुतेक मालकांनी पिशवी कधीच धुतली नव्हती. त्या अभ्यासाला रसायन उद्योगाच्या, म्हणजे प्लास्टिक उत्पादकही जिच्यात आहेत अशा संघटनेकडून पैसा मिळाला होता हे लक्षात ठेवून तो वाचावा. पण त्यातला दुसरा निष्कर्ष आपल्या कामाचा आहे: हाताने किंवा मशीनमध्ये धुतल्यावर ९९.९ टक्क्यांहून जास्त जंतू गेले. म्हणजे पिशवी बदलायची गरज नाही, धुवायची आहे.

कच्चं मांस आणि मासे यांच्यासाठी एक पिशवी कायमची वेगळी ठेवा, दुसऱ्या रंगाच्या बंदांची, म्हणजे घरातल्या कुणाचाही गोंधळ होणार नाही. ती दर वेळी धुवायची, गरम पाण्यात. भाजीची आठवड्याला. कोरड्या किराण्याची दोन-तीन आठवड्यांनी चालते, पण काही सांडलं तर त्याच दिवशी. धुताना उलटी करा आणि कोपरे ब्रशने घासा. माती आणि कांद्याची सालं तिथेच दडतात. वाळतानाही उलटीच, बंद खाली लोंबकळते ठेवून, आणि पूर्ण कोरडी झाल्याशिवाय घडी नाही. सुती कापडाला दमट घडीत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते मग जात नाहीत. म्हणूनच मी आत प्लास्टिकचं अस्तर लावत नाही. कापड आणि प्लास्टिक यांच्या मधलं पाणी वाळतच नाही.

बाजाराची पिशवी बाजारासाठीच ठेवा. त्यात जिमचे कपडे, बुटं किंवा बाळाचं सामान घालू नका, आणि स्वच्छतागृहात ठेवू नका. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या, फुटबॉल खेळणाऱ्या मुलींच्या एका संघात २०१० मध्ये उलट्या-जुलाबांची साथ आली. शोध घेतल्यावर विषाणू सापडला तो खाऊच्या, पुन्हा पुन्हा वापरायच्या पिशवीवर. ती आजारी मुलीच्या स्नानगृहात ठेवलेली होती आणि त्या मुलीने तिला हातही लावला नव्हता. अशा गोष्टी रोज घडत नाहीत, पण जागा बदलायला आपल्याला काहीच कष्ट पडत नाहीत.

धुणं हीच तपासणीचीही वेळ. दोरीवर घालताना प्रत्येक बंदाच्या मुळाशी अंगठा फिरवा. एखादा टाका सुटलेला, कापड किंचित वर आलेलं जाणवलं तर त्याच दिवशी चार टाके घाला. बंदाच्या कडेला विरलेला ठिपका दिसला तर लगेच आतून ठिगळ. पाच मिनिटांचं काम आहे, आणि यानेच पिशवीला आणखी वर्षं मिळतात. ठिगळ वेगळ्या रंगाचं असलं तरी बिघडत नाही. मला तर ती पिशवी जास्त आपली वाटते.

किती शिवाव्यात हे तुमच्या एका आठवड्याच्या सामानावरून ठरवा. चार माणसांच्या घराला तीन मोठ्या, एक मांस-माशांची, एक बाटल्यांची आणि चार-पाच जाळीच्या एवढ्या पुरतात. वीस शिवून कपाटात ठेवल्या तर प्रत्येकीची वापराची पाळी येणारच नाही, आणि मी सुरुवातीला सांगितलेले आकडे तिथेच अडकतील.

आणि पिशवी विसरण्याबद्दल, कारण हा प्रश्न तुम्ही विचारला नसला तरी महिन्याभरात येईल. बाजारातून आल्यावर सामान काढलं की रिकामी पिशवी कपाटात जाते आणि चूक तिथे होते. ती सामान काढलेल्या हातानेच बाहेरच्या दाराच्या कडीला, किंवा चपला ठेवता तिथल्या खुंटीला लावायची. शिवाय एक पिशवी रोजच्या बॅगेत कायम. तिच्यासाठी शर्टाचा खिसा कापून पिशवीच्या आतल्या कडेला शिवा, तोंड वर ठेवून. पिशवी त्याच खिशात कोंबली की मुठीएवढं गाठोडं होतं आणि बॅगेच्या तळाशी सुटी भटकत नाही. सामान भरताना तोच खिसा चाव्या आणि सुट्या पैशांना होतो.

भरण्याचं एकच सांगते: जड आणि कठीण खाली, पण बाटल्या आणि डबे बंदांच्या रेषेत, म्हणजे मधल्या १५ सेंमीत ठेवा. कडेला ठेवले तर पिशवी एका अंगाला झुकते आणि दोन बंदांचं ओझं एकावर येतं.

चादरीची पिशवी आधी करा, जीन्सला मागून हात लावा. जाड कापडावर पहिल्यांदाच शिकायला गेलं की सुया मोडतात आणि हौस जाते. आज रात्री चादर गरम पाण्यात भिजवा. उद्या ती वाळली की उजेडासमोर धरा आणि विरलेल्या भागाभोवती खडूने खूण करा. त्या खुणेच्या बाहेर ४४ बाय ९४ च्या दोन पट्ट्या आणि बंदांच्या दोन पट्ट्या बसतात का ते मोजा. न बसल्या तर दुसरी चादर आहेच. बंद तिच्या काठाचे घ्या.